काचेवरची वाफ

धाकट्याची ही खोड जुनीच. आईला सल्ल्यासाठी न्यायचं आणि निवड मात्र आधीच करून ठेवायची. बागेसाठी काचघर घ्यायचं होतं. दुकानाच्या आवारात सहा मांडलेली होती, पण हा थेट कोपऱ्यातल्याकडे गेला.

"याला वर खिडकी नाही. रोपं उकडून निघतील," आई म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं!" असं म्हणत तो माप घ्यायला आत शिरला आणि त्याने दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने तो बाहेर आला. हसून म्हणाला, "तू म्हणशील तसं, आई."

म्हातारीचे कान टवकारले. चाळीस वर्षांत या तोंडातून असं वाक्य निघालं नव्हतं.

सकाळची थंडी कडाक्याची होती. बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती, दुकानदाराच्याही. धाकट्याच्या तोंडासमोर मात्र काहीच नव्हतं.

तिने काचघराकडे पाहिलं. आत चिटपाखरू नव्हतं. तरी आतल्या बाजूने, बरोबर धाकट्याच्या उंचीवर, काचेवर वाफेचा गोल उमटला, विरला, पुन्हा उमटला. भराभर, धापा टाकल्यासारखा.

"चल ना, आई, घरी जाऊ," तिच्याशेजारी उभा असलेला तो म्हणाला आणि त्याने तिचा हात धरला.

तिने तो झटकला.

"नुसतं आई म्हटल्याने कोणी लेक होत नाही. हो बाजूला! माझं भांडखोर पोर बाहेर आल्याशिवाय मी इथून हलायची नाही."