पाचव्या मजल्यावरची खिडकी

लेक नोकरी करते त्या देशात साथीतही सगळं खुलं होतं. आमच्याकडे मात्र विमानातून उतरल्या उतरल्या तिला आमच्या घरासमोरच्याच हॉटेलात कोंडलं. रोज संध्याकाळी ती पाचव्या मजल्यावरच्या खिडकीत यायची. माझ्या डोळ्यांना चेहरा काही दिसत नसे. पण मी दोन्ही हात हलवले की तीही हलवायची, अगदी लहानपणी शाळेच्या फाटकातून हलवायची तसे. मग जिवात जीव यायचा.

आज हात हलवतानाच तिचा फोन आला. स्पीकरवर घेतला.

"आई, घाबरू नकोस हं. मला परवाच दवाखान्यात आणलंय."

"चल, चावट कुठली! ही काय समोर उभी आहेस!"

फोनवर ती नुसती धापा टाकत राहिली.



खिडकीतली बाई अजून हात हलवत होती, आणि माझे हात खाली येईनात.