नील बेटावर जाण्याआधी

घेवरचंदशेठ जाऊन वर्ष झालं आणि प्रेमकुंवरबाईंनी अंदमानातल्या नील बेटावर जायचं तिकीट काढलं. एकटीचंच. कळताच मुलगा अखिल जळगावच्या भर बाजारातलं दुकान सोडून घरी आला.

“मम्मी, तिथं मोबाईलला धड रेंज नसते.”

“हॉटेलचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.”

“समुद्र खवळला की बोटी बंद होतात.”

“म्हणून तर परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवलेत. बोट लागू नये म्हणून गोळ्याही घेतल्यात.”

“आणि जेवण? तू सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा पीत नाहीस. तिथं पाच-सव्वापाचलाच अंधार पडतो.”

“मग पाचच्या आत जेवेन. काहीच नाही मिळालं, तर खाकरे आहेत.”

अखिलनं भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बोट दाखवलं. “पप्पा असते तर तुला असं जाऊ दिलं असतं?”

“नसतंच दिलं.” प्रेमकुंवरबाईंनी बॅगेची चेन ओढली. “तुझ्या पप्पांना जन्मभर विचारत राहिले, अखिल. तुला मी विचारलेलं नाही.”