रांगेतली मोकळी जागा

पणजोबा याकोबे इंग्रजांच्या पलटणीत कवायत कशी शिकले, हे लुसुंगूला कुठल्याच सरकारी दप्तरात सापडलं नाही. म्हणून ती शिकवायची त्या शाळेला सुट्टी लागताच ती मलावी सरोवराकाठी त्यांच्या गावी आली. तिथले पुरुष अजून तीच कवायत नाचतात, भोपळ्याच्या तुताऱ्या फुंकत.

नाचणाऱ्या रांगेत एक जागा मोकळी होती.

"तिथं कुणी नाही?" तिनं विचारलं.

"नाही कसं? तुझे पणजोबा आहेत!" नाचाचे म्हातारे कप्तान लोंग्वे खेकसले. "अनवाणी शिकले, पण त्यांच्यासारखं पाऊल पलटणीत कुणाचं पडत नसे. पुढं तेच पोरांना शिकवायचे. कुणाची मान खाली दिसली, की एका बोटानं हनुवटी वर! कळलं का, मास्तरीणबाई?"

लुसुंगूचा ऊर अभिमानानं भरून आला.

"थांब!" कप्तान रांगेवर ओरडले. बुटांची रांग थबकली. मोकळ्या जागेतल्या वाळूवर दोन अनवाणी पावलं उमटली होती.

"रांग मोडा!"

माणसं हसत पाण्याकडे गेली. पावलं मात्र एकेक करत तिच्याकडे आली. तिच्यासमोर टाचा जुळल्या.

भीतीनं तिनं मान खाली घातली.

हनुवटीला एक खरबरीत बोट लागलं आणि तिची मान हळूच वर झाली.