दिवसभराची होडी

स्वयंपाकघराच्या खिडकीवर सावली धरणारं झाड तोडून तिथे गाडी लावायची, यावरून मायलेकांत महिनाभर अबोला होता. शेवटी मुलगाच नमला. "राहू दे बाई तुझं झाड. चल, आज होडीतून फिरवतो."

कालव्यावर दिवसभरासाठी होडी भाड्याने मिळाली, आपली आपणच चालवायची. त्याने सुकाणू आईच्याच हाती दिलं. "अगं, काठ सोड! बदकं शिव्या घालतायत तुला." ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

दुपारी तिने विचारलं, "वळवू का आता?"

फोनमधून मान वर न काढता तो म्हणाला, "एवढ्यात कशाला? अजून थोडं पुढे जाऊ."

संध्याकाळी तिने स्वयंपाकघराचं दार उघडलं, तर ओट्यापर्यंत लख्ख ऊन आलं होतं.