पहिल्या सीटवरचा म्हातारा

"क्लच सोड, गाढवा! हळू सोड!"

पहिल्या सीटवरचा म्हातारा पुन्हा ओरडला आणि त्याने ड्रायव्हरच्या मागची जाळी काठीने बडवली. सगळी बस माना वळवून बघायला लागली. ड्रायव्हर गाडी हाकत राहिला. तो म्हातारा त्याचा बाप होता आणि हे गाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊन चालणारही नव्हतं. ड्यूटीवर घरचं माणूस गाडीत आणायला मनाई होती, आणि कालच आगारातल्या साहेबांनी त्याला बजावलं होतं, "आणखी एक तक्रार आली ना, तर तुम्ही कायमचे घरी बसा."

बापाला घरी बसवता आलं असतं तर कशाला आणला असता त्याने? पण बायको कामावर, शेजारीण पार कंटाळलेली, आणि मध्यंतरी हे महाशय गॅस चालू ठेवून फिरायला निघून गेलेले. म्हणून आज त्याने त्याला हाताला धरून गाडीत बसवलं, तोंडातून अवाक्षर काढू नका म्हणून दहादा पढवलं. पण सांगून ऐकेल तर तो म्हातारा कसला! त्याची सगळी हयात स्टेअरिंगमागे गेली होती. बाकी सगळं विसरला, मुलाचा चेहरासुद्धा अधूनमधून विसरायचा, पण गिअर काही विसरला नव्हता.

बाजाराच्या थांब्यावर ही गर्दी चढली. म्हातारा उठला आणि थेट दारात जाऊन उभा राहिला.

"आत सरका! आत सरका! दारात काय प्रदर्शन मांडलंय?"

काठी एका तरुणाच्या पोटरीवर बसली. मागे सरकताना तो एका बाईवर आदळला आणि तिच्या हातातली अंड्यांची पिशवी खाली पडली.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" बाई किंचाळली.

"वेड तुझ्या बापाला! पुढे हो!"

झालं! जो तो तोंड सोडायला लागला. चष्मेवाल्या एका बाईंनी तर फोनच बाहेर काढला. "ड्रायव्हर, या माणसाला आधी खाली उतरवा, नाहीतर मी आत्ताच्या आत्ता तुमची तक्रार करते. तुमच्या ओळखीचा आहे का हा?"

ड्रायव्हरने नजर समोरच्या काचेवरच ठेवली.

"छे हो, कुठला ओळखीचा? नसती ब्याद आहे झालं."

बोलला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं. पण शब्द गेला तो गेला.

गाडीवरचे कंडक्टर बंद झाल्यापासून उतारूंची भांडणंही ड्रायव्हरच्याच गळ्यात पडत. त्यावर जुन्या ड्रायव्हरांचा एक तोडगा होता. हुज्जत घालायची नाही. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, चावी खिशात टाकायची आणि खाली उतरून गप्प उभं राहायचं. ज्यांना घरी जायची घाई असते ते पुढचं बघून घेतात. ड्रायव्हरच्या अंगाला काही लागत नाही. हा तोडगा त्याला बापानेच शिकवला होता.

थांब्यापासून थोडं पुढे जाऊन त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन थांबलं की म्हातारा आपोआप शांत होईल, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग चावी काढली आणि दाराकडे पाठ करून रस्त्यावर उभा राहिला.

आत आधी कुजबुज झाली. मग आवाज चढले.

"एका म्हाताऱ्यापायी सगळ्यांचा खोळंबा!"

"अरे, बघताय काय? उचला त्याला!"

"हात लावू नका!" म्हातारा ओरडला. "मी ड्रायव्हर आहे! ही माझी गाडी आहे!"

कुणीतरी खो खो हसलं. काहीतरी दणकन आपटलं. ड्रायव्हरने खिशातली चावी मुठीत आवळली. मागे वळून एक वाक्य बोलायचं, एवढंच तर होतं. पण घरातली चार तोंडं त्याच्या डोळ्यांपुढे आली आणि पाय जागचे हलेनात. त्याला स्वतःची शिसारी आली.

दोघांनी म्हाताऱ्याला बखोटीला धरून खाली आणलं आणि फुटपाथवर बसवलं. मागून काठी आली. एक चप्पल आतच राहिली. चष्मेवाल्या बाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि खिडकीतून हाक मारली, "चला ड्रायव्हर, निघा आता. तुमची काही चूक नाही यात."

ड्रायव्हर म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसला. कपाळावर ओरखडा उठला होता. मघाचा तो जोर कुठल्या कुठे गेला होता.

"लागलं का?" गाडीत ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारलं.

म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग गणवेशाकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज एकदम अदबीचा झाला.

"नाही हो, साहेब. तुम्ही निघा. उतारू खोळंबलेत तुमचे."

ड्रायव्हर उठला नाही. म्हाताऱ्याने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि त्याला समजावल्यासारखं म्हणाला, "माझा मुलगाही ड्रायव्हर आहे बरं का. तो इथे असता ना, तर मला हात लावायची कुणाची छाती झाली नसती."