भरलेलं पात्र

गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा दिला म्हणून फादर कीर्ननने सिनेटर लिडियाला बजावलं होतं, "रविवारच्या मिस्सेला, प्रार्थनेला ये, पण ख्रिस्तप्रसाद मागू नकोस."

रविवारी अमेरिकेतल्या फॉल रिव्हरच्या आमच्या चर्चमध्ये ती रांगेत आली आणि प्रसाद न घेणारे करतात तसे हात छातीवर दुमडून उभी राहिली. फादरने नुसता आशीर्वाद दिला.

तिच्यामागे तिची आई, ऑदेत. दर शनिवारी गर्भपाताच्या दवाखान्याबाहेर जपमाळ घेऊन उभी राहणारी, लेकीच्या विरोधात मत दिल्याचं गावभर सांगणारी. फादरने हसून प्रसाद पुढे केला.

म्हातारीनेही हात छातीवर दुमडले.

"ऑदेत, तुम्हाला कुठे मनाई आहे?"

"आशीर्वाद द्या, फादर."

मग मागच्या मानुएलने हात दुमडले, त्याच्या बायकोने दुमडले, आम्ही सगळ्यांनीच दुमडले. रांग संपली तरी फादरच्या हातातलं प्रसादाचं पात्र भरलेलंच.

बाहेर पायऱ्यांवर लिडिया आईच्या गळ्यात पडली. "म्हणजे आई, यंदा मत मला?"

"मेले तरी नाही!" ऑदेत कडाडली. "पण माझ्या लेकीला भरल्या ताटावरून उठवतो म्हणजे काय!"