पुस्तकातला शेवट

“ताई, आपली हानारी शेवटी गुहेतून कशी सुटते, आठवते का तुले?” व्हिडिओ कॉलवर जयमालानं विचारलं आणि ती हसली.

धम्मशीला उंद्रीच्या घरी तांदूळ निवडत होती. फोन डब्याला टेकवलेला होता. धाकट्या बहिणीच्या मागं नेहमीचीच निळी भिंत, आणि भिंतीला टेकून तिचा नवरा सागर. लग्नाला सहा महिने झाले होते. त्याच्याशिवाय एकही कॉल झाला नव्हता.

“दोघींचं कार्टून अजून सुटलं नाही का?” तो म्हणाला.

कार्टून म्हणजे एक जपानी चित्रकथा. मंतरलेली जंगलं, राक्षस आणि हानारी नावाची पोरगी. कॉलेजात असताना दोघींनी तिचे अकरा भाग मोबाईलवर वाचून काढले होते. पुढं तिची हिंदीत मालिका आली. मालिकेत हानारी स्वतःच साखळी तोडते. जयमालाला तोच शेवट आवडायचा. पुस्तकातला तिला सहनच व्हायचा नाही. त्यावरून दोघी एकदा चार दिवस बोलल्या नव्हत्या.

“साखळी तोडते ना,” धम्मशीला म्हणाली. “तुले तोच आवडते.”

“नाही ताई. आता मले पुस्तकातलाच आवडते.” जयमाला हसतच होती. डोळे मात्र हसत नव्हते. “मी मजेत हाय.”

कॉल संपला. धम्मशीलाचा हात ताटातच राहिला.

पुस्तकात हानारी स्वतःहून सुटत नाही. गुहेच्या तोंडाशी येणाऱ्या प्रत्येकाला ती हसून सांगते, मी मजेत आहे. राक्षस तिच्या मागंच उभा असतो. ते हसू खोटं आहे हे फक्त तिच्या थोरल्या बहिणीला ओळखू येतं आणि तीच येऊन तिला सोडवते.

“बाबा, गाडी काढा. देऊळगाव राजाले जायचं हाय.”

“आता? काऊन?” प्रेमानंदांनी विचारलं. मुलीचा चेहरा पाहिला आणि किल्ली उचलली.

वाटेत तिनं पोलिसांना फोन केला. येतो म्हणाले.

घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत होतं. सागर कामावर गेला होता. दाराला बाहेरून कुलूप. खिडकीवर पत्रा ठोकलेला.

“जयमाला!” धम्मशीला ओरडली.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. प्रेमानंदांनी दगड उचलला. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं.

जयमाला भिंतीला धरून बाहेर आली. उन्हानं तिचे डोळे मिटले. मनगटं काळीनिळी पडली होती. तिनं बहिणीचा दंड घट्ट धरला.

आवाज ऐकून समोरच्या सिंधूताई धावत आल्या आणि फाटकातच थबकल्या.

“ही कोण?” त्यांनी विचारलं. “या घरात तर सागर एकटाच राहतो ना?”